राजवाड्याचं मागचं गेट

कापडाच्या धंद्यात ऑर्डर कितीही मोजूनमापून कापली तरी टेबलाखाली तुकडे उरतातच. ते बिलात धरता येत नाहीत आणि फेकवतही नाहीत. मग एका पोत्यात कोंबत राहायचं. माझ्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालंय. वीसेक वर्षं मोठमोठ्या हॉटेलांना चादरी पुरवल्या, पैसे आले, गेले, आणि हे पोतं तेवढं फुगत राहिलं.

हॉटेलं म्हणजे साधीसुधी नव्हेत हां! राजांचे वाडे, नबाबांच्या हवेल्या, इंग्रज साहेबांचे बंगले, ज्यांचं आता हेरिटेज हॉटेल झालंय अशी. उदयपूर, जोधपूर, म्हैसूर, हैदराबाद, कोलकाता. आमच्या भिवंडीजवळच्या राहनाळला गोदामात महिनाभर गोणी उचलून माणूस जेवढं कमावतो, तेवढं तिथं एका रात्रीचं भाडं. लोक म्हणतात, "काशीशेठ, तुम्ही तर हिंदुस्थानातले सगळे राजवाडे पाहिलेत!"

पाहिलेत ना. तळघरातून पाहिलेत! कारण हॉटेलची लाँड्री तळघरात असते आणि चादरवाल्याचं सगळं काम लाँड्रीत.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी शिकलो ते मालावरची लेबलं वाचून. राहनाळला वडील भात लावायचे, त्या जमिनीवर आता गोदामं आहेत, त्यातलं एक माझं. चादर विणायचे शब्बीरभाई. भिवंडीत त्यांचे चोवीस लूम, म्हणजे विजेवरचे माग, होते, आजोबा उत्तरेतून येऊन इथं बसलेले. विणून आलेलं कापड कापून शिवायचं काम माझी बायको मंदा बघायची, गावातल्या दहा-बारा बायकांना हाताशी धरून. विणायचे ते, शिवायची ती, आणि बोलायचो फक्त मी. म्हणून शेठ मी झालो!

हे किस्से पूर्वी मी आणि शब्बीरभाई मिळून सांगायचो. आता ते मालेगावला मुलीकडे असतात. लूम भंगारात गेले. त्यामुळे एकट्यालाच सांगावं लागतंय. कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

*

पहिल्यांदा गेलो ते राजस्थानात. नवीन शर्टपॅन्ट शिवली होती, बूट घेतले होते, बॅगेत चादरींची सॅम्पलं. रिक्षावाल्याला सांगितलं, "हॉटेलला ने." त्यानं नेलं थेट महादरवाज्यासमोर.

मी उतरतोय तोवर एका मिशाळ माणसानं वाकून मुजरा केला. दुसऱ्यानं ढोल वाजवला. एका बाईनं कपाळाला टिळा लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली, हातात थंडगार सरबत दिलं. मला वाटलं, वा! भिवंडीच्या मालाची कीर्ती इथवर आली म्हणायची!

सरबत पिऊन काउंटरवर गेलो आणि ऐटीत सांगितलं, "चादरी का सॅम्पल लाया हूँ. भिवंडी से."

काउंटरवरचा मुलगा हसतच होता, पण हसू जरा आखडलं. म्हणाला, "सर, व्हेंडर्स के लिए पीछे का गेट है."

पीछे का गेट म्हणजे राजवाड्याला अर्धी प्रदक्षिणा. ऊन रणरणतंय, बूट नवीन, चावतायत. चालताना वाटलं कुणीतरी मागून येतंय. वळून पाहिलं तर तोच मिशाळ मुजरेवाला.

म्हटलं, "क्या हुआ भाई?"

बिचारा ओशाळून म्हणाला, "साहब, वो माला. गेस्ट की गिनती से आती है."

मी माळ काढून दिली. सरबत पोटात गेलं होतं म्हणून, नाहीतर तेही मागितलं असतं!

भिवंडीला येऊन शब्बीरभाईंना हे सांगितलं. ते इतके हसले की टोपी पडली. मग टोपी झटकत म्हणाले, "शेठ, टीका तो नहीं माँगा ना? तो इज्जत का आधा हिस्सा बच गया."

*

हॉटेलवाले चादर अशी तशी घेत नाहीत. सॅम्पल दिलं की ते पन्नास वेळा धुतात. पन्नास धुण्यांनंतर चादर आटली, पिवळी पडली, गोळे आले की माल बाद. अशा परीक्षेला मी शब्बीरभाईंना घेऊन जायचो, कारण लाँड्रीवाला काही खोड काढायला लागला तर त्याला कापडाच्या भाषेत उत्तर देणारा माणूस पाहिजे.

हैदराबादच्या एका हॉटेलात असेच गेलो. लाँड्री मास्टर म्हातारा, भला माणूस. वाफेत उभा राहून आयुष्य गेलेलं. शब्बीरभाईंचं आणि त्याचं लगेच जमलं. चहा आला. शब्बीरभाईंनी विचारलं, "चाचा, ऊपर कैसा है? सुना है छत पे सोने का काम है."

चाचा म्हणाला, "सुना तो मैंने भी है."

"मतलब? देखा नहीं?"

"छब्बीस साल हो गए. ड्युटी नीचे की है ना."

परतीच्या गाडीत शब्बीरभाई म्हणाले, "शेठ, एक बात बोलूँ? एक बार मेन दरवाजे से जाना है. गेस्ट बन के. अपनी चादर पलंग पे बिछी हुई देखनी है, उस पे एक रात सोना है, और वहाँ किसी एक आदमी को बोलना है कि ये मैंने बुनी है. बस."

मी म्हटलं, "एवढंच ना! हा सीझन संपू दे, जाऊ."

सीझन संपला. पुढचाही संपला. दरवर्षी दिवाळीनंतर ते विचारायचे, "शेठ, सीझन खतम हुआ क्या?" आणि मी म्हणायचो, "होतोय, होतोय."

*

आता मी का टाळायचो ते सांगतो. पैशाचा प्रश्न नव्हता. एका रात्रीचा खर्च मला जड नव्हता. भीती वेगळी होती.

आमच्या लायनीत एक टॉवेलवाला होता. चांगला माल, चांगला माणूस. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला तशी बायकोच्या हौसेखातर त्यानं आपण टॉवेल पुरवतो त्याच हॉटेलात खोली घेतली. सकाळी नाश्त्याला बसला होता, समोरून हॉटेलचा परचेस मॅनेजर आला. एवढ्या प्रेमानं भेटला म्हणून सांगू! केक मागवला, फोटो काढला, वहिनींना नमस्कार केला.

पुढच्या वर्षी रेट ठरवायला हा गेला, तर मॅनेजर म्हणतो, "शेठजी, आपको हमारा रूम परवडता है. इसका मतलब हमको आपका टॉवेल महँगा पड़ रहा है."

रेट कापला!

तेव्हापासून आमच्यात अलिखित नियम: ज्या हॉटेलला माल देतो त्या हॉटेलात झोपायचं नाही. राहायचं स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये, जायचं साध्या कपड्यात, हात जोडून. मी तर सॅम्पल दाखवायला जाताना घड्याळ काढून खिशात ठेवायचो.

हे मी शब्बीरभाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मतलब जो चादर बेचता है वो उस पे सो नहीं सकता."

"धंदा आहे शब्बीरभाई."

"हाँ. धंधा है."

मला वाटलं पटलं त्यांना.

*

कोलकात्याच्या एका हॉटेलनं पडद्यांची ऑर्डर दिली. इंग्रजांच्या वेळचा बंगला, सगळं फर्निचर जुनं. अट एकच: पडदे नवे पाहिजेत, पण जुने दिसले पाहिजेत. शंभर वर्षं खिडकीला लटकलेत असं वाटलं पाहिजे.

मी डोक्याला हात लावून बसलो. आयुष्यभर माल नवा कसा दिसेल ते पाहिलं, आता जुना कसा करायचा?

मंदा म्हणाली, "अवो, त्यात काय हाय? चहाच्या पान्यात बुडवा. माझ्या पांढऱ्या साडीवर तुमी चहा सांडला व्हता, तो डाग आजून न्हाय गेला."

गोदामाच्या मागं दोन मोठे टोप चढवले. मंदाच्या बायकांनी चहा उकळला, कापड बुडवलं, सावलीत वाळवलं. असा रंग आला की मलाच वाटलं, हे आपल्या पणज्याच्या वेळचं!

माल गेला. पंधरा दिवसांनी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. "काशीनाथजी, पडद्यांना वास येतोय."

माझी पाचावर धारण बसली. "कसला वास?"

"आल्याचा."

मंदाला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मंग? बिनआल्याचा चहा कोन करतो?"

मी फोनवर माफी मागायला लागलो, तर पलीकडून मॅनेजर म्हणतो, "नाही नाही, ऐका तर! पाहुण्यांना फार आवडलाय. आम्ही त्यांना सांगितलं, हा जुन्या वास्तूचा वास आहे. पुढच्या लॉटला तसाच ठेवा."

पुढच्या लॉटला मंदानं आलं वाढवलं!

शब्बीरभाई मात्र हा किस्सा ऐकून हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "शेठ, भाभी का नाम बताया उनको? रंग किसने चढ़ाया?"

मी म्हटलं, "आता फोनवर कसं सांगणार?"

*

एकदा हॉटेलच भिवंडीला आलं. म्हणजे उदयपूरकडच्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या डिझाइनर मॅडम आल्या, दिल्लीच्या. चादर कशी बनते ते त्यांना बघायचं होतं. त्यांच्या मनात काय चित्र होतं देव जाणे. बहुतेक आंब्याखाली खाट, खाटेवर म्हातारा, म्हाताऱ्याच्या हातात चरखा.

गाडी गल्लीत शिरली आणि लूमचा खडखडाट सुरू झाला. चोवीस लूम एकदम चालू. मॅडम काय बोलतात ते मला कळेना, मी काय बोलतो ते त्यांना. कापसाची भुकटी उडतेय, मॅडम रुमाल नाकाला लावून उभ्या. शेवटी शब्बीरभाईंनी लाइन बंद केली. शांतता झाली तसं मॅडमनी विचारलं, "हे हातानं नाही होत?"

मी गडबडलो. शब्बीरभाई अदबीनं म्हणाले, "हाथ तो लगता है मॅडम. बटन हाथ से ही दबाते हैं."

मॅडम हसल्या. चांगल्या बाई होत्या, मंदानं केलेली तांदळाची भाकरी आणि सुकट चाटूनपुसून खाल्ली. जाताना शब्बीरभाईंच्या घराची माहिती विचारली, आजोबा काय करायचे, पणजोबा काय करायचे. ते भरभरून बोलले. मॅडमनी सगळं लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी मी माल द्यायला गेलो तेव्हा लाँड्रीत एक छापील कार्ड मिळालं. पाहुण्यांच्या उशीवर ठेवतात ते. जाड कागद, सोनेरी कडा. इंग्रजी होतं, लाँड्रीतल्या एका मुलाकडून वाचून घेतलं. ही चादर राजघराण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्या कारागिरांच्या हातची आहे, असं काहीतरी.

कार्ड शब्बीरभाईंना आणून दिलं. अर्थ सांगितला. ते म्हणाले, "अरे वा! हमारे दादा राजा के नौकर थे और घर में किसी को बताया तक नहीं!"

आम्ही खूप हसलो. चहा झाला. मी उठलो, तेव्हा त्यांनी कार्ड पुन्हा उलटसुलट करून बघितलं.

"शेठ, इसमें भिवंडी किधर लिखा है?"

मी म्हटलं, "जागा कमी पडली असेल."

कार्डाची मागची बाजू पूर्ण कोरी होती, हे माझ्याही लक्षात आलं होतं.

*

हा पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. यात हसण्यासारखं थोडं आहे आणि ते माझ्यावरच आहे.

त्याच उदयपूरकडच्या हॉटेलचा कसलासा वाढदिवस होता. सगळ्या जुन्या सप्लायरांना त्यांनी आमंत्रण पाठवलं. एक रात्र, दोन माणसं, सगळं फुकट. हॉटेलनंच बोलावलंय म्हटल्यावर रेटची भीती नाही! पाकिटावर आमच्या फर्मचं नाव.

दोन माणसं. कोण न्यायचं हे उघड होतं. मंदासुद्धा म्हणाली, "शब्बीरभाईंना न्या. मला त्या गादीवर झोप न्हाय येनार."

पण त्या वर्षी सुताचा भाव चढला होता. एक मोठा सूतवाला व्यापारी मला लाइनीत उभंही करत नव्हता. मनात आलं, याला घेऊन गेलो राजवाड्यात, दोन दिवस एकत्र जेवलो, तर वर्षभराची सोय होईल. शब्बीरभाई काय, घरचेच. त्यांना पुढच्या वेळी नेऊ.

शब्बीरभाईंना सांगितलं, एकाच माणसाचं आमंत्रण आहे. तेही म्हणाले, "जाओ जाओ, शेठ. आ के बताना."

सूतवाला खूश झाला. इतका खूश की पलंगावर आडवा होऊन फोटो काढून घेतले आणि लगेच मोबाईलच्या स्टेटसला टाकले. बाजूला मी, हसत, हातात नारळपाणी. सूतवाल्याचा नंबर भिवंडीत कुणाकडे नाही? लूमवाल्या प्रत्येकाकडे आहे!

परत आलो तो सरळ शब्बीरभाईंकडे गेलो. काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं. ते सात नंबर लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "फोटो अच्छा आया शेठ. चादर थोड़ी सिकुड़ी हुई दिखती है. उसको बोलना था, बूट निकाल के सोता."

सूत मिळालं. वर्षभर मिळालं. त्या सुताची पहिली चादरसुद्धा शब्बीरभाईंनीच विणली.

*

मग गेल्या दोन-तीन वर्षांत जुन्या लूमना काम उरलं नाही. नव्या मशिनी आल्या, एक माणूस आठ-आठ सांभाळतो. शब्बीरभाईंनी आधी बारा बंद केले, मग बाकीचे. मुलगा नव्हता. मुलीनं मालेगावला बोलावून घेतलं. ज्या दिवशी शेवटचं कापड लूमवरून उतरलं, त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "शब्बीरभाई, सीझन संपला. चला."

ते म्हणाले, "सच्ची?"

मी हुशार माणूस. उदयपूरकडच्या त्याच हॉटेलात खोली माझ्या जावयाच्या नावानं बुक केली, म्हणजे हॉटेलच्या परचेसवाल्यांना पत्ता लागू नये. कारण शब्बीरभाईंनी विणलेला बराच माल अजून माझ्या गोदामात होता आणि पुढच्याच आठवड्यात त्या हॉटेलबरोबर नवीन वर्षाचा रेट ठरायचा होता.

महादरवाज्यानं गेलो. शब्बीरभाईंनी पांढरा कुर्ता, वर करड्या रंगाचं जाकीट घातलं होतं, ईदला घालतात ते. काउंटरवर फॉर्म भरायचा होता. व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं, शेती. शब्बीरभाईंनी विचारलं, "मैं क्या लिखूँ?"

मी हळूच म्हटलं, "रिटायर्ड लिहा."

त्यांनी लिहिलं.

खोलीत शिरलो. खिडकीतून तळं दिसत होतं, पलीकडे डोंगर. दुपारचं ऊन पाण्यावरून उडून छतावर हलत होतं. शब्बीरभाईंनी त्यातलं काही पाहिलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, सरळ पलंगापाशी गेले आणि त्यांनी डोळे मिटून चादरीवरून तळहात फिरवला. उशीपासून पायथ्यापर्यंत, हळूहळू.

"अपनी है," ते म्हणाले. आणि लहान मुलासारखे हसले. "शेठ, इतने साल में पहली बार माल को पलंग पे देख रहा हूँ!"

मीही हसलो. मला फार बरं वाटलं, खोटं नाही सांगत.

मग त्यांचा हात एका जागी थांबला. कडेला, जिथं कुणी बघणार नाही अशा ठिकाणी. चार बोटं लांबीत एक उभा धागा सुटला होता.

"सात नंबर लूम," ते म्हणाले. "ये उसी की आदत थी. कैसे छूटा मेरे हाथ से?"

"जाऊ द्या शब्बीरभाई. कोण बघतंय!"

"मैं देख रहा हूँ ना."

बाथरूमच्या खणात हॉटेलवाले सुईदोऱ्याचं छोटं पाकीट ठेवतात. ते त्यांनी शोधून आणलं. चादर पलंगावरून ओढून काढली, गालिच्यावर मांडी घालून बसले, चादरीच्याच टोकातला एक धागा ओढून सुईत ओवला. मला म्हणाले, "शेठ, उधर से पकड़ो. टाइट." मी समोर बसून चादर ताणून धरली. एका रात्रीला एवढे पैसे भरून आम्ही दोघं म्हातारे राजवाड्यात जमिनीवर बसून चादर दुरुस्त करत होतो! एक धागा वरून, एक खालून. ते कामही करत होते आणि बोलतही होते. मालेगावला जावयाला काय सांगायचं, नातीला तळं कसं होतं ते सांगायचं, मग म्हणाले, "वो भी बताऊँगा कि माल में एक डिफेक्ट था, वो भी मैंने ही पकड़ा!"

तेवढ्यात दारावर टकटक. दार उघडंच होतं. हॉटेलची एक मुलगी फळांची टोपली घेऊन आली, नीटनेटकी, विशी-पंचविशीची. आम्हाला पाहून जागीच थबकली.

"सर! क्या हुआ? चादर खराब है?" तिनं टोपली ठेवली आणि वाकून तो सुटलेला धागा पाहिला. बिचारीचा चेहरा पडला. "सो सॉरी सर. आपको ये सब करना पड़ा! ये सप्लायर लोग आजकल कुछ भी भेज देते हैं. मैं अभी कंप्लेंट डालती हूँ. दूसरी चादर ला दूँ?"

तिनं माझ्याकडे बघून विचारलं.

शब्बीरभाईंनीही माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली, टोपी सारखी केली आणि पाठ जरा ताठ करून बसले. लग्नात कुणी आपली ओळख करून देणार असलं की माणूस बसतो ना, तसे.

माझ्या डोळ्यांसमोर पुढचा आठवडा आला. परचेसवाल्याचं टेबल आलं. गोदामातले चादरींचे गठ्ठे आले.

मी म्हटलं, "हाँ. दूसरी ला दीजिए."

मुलगी पटकन पुढं झाली आणि चादर गोळा करू लागली. शब्बीरभाईंनी गुडघे उचलून आपल्या मांडीखालचं टोक मोकळं करून दिलं. ती दारापाशी पोहोचली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली.

"बेटा, आहिस्ता पकड़ना," ते म्हणाले. "सुई अंदर ही रह गई है."